लाउरीच्या चित्रातला तो मळकट पांढरा कसा आणायचा?

रंगारी: इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड-मँचेस्टरच्या गिरण्या, धुराडी आणि काड्यांसारखी माणसं रंगवणारा एल. एस. लाउरी (१८८७–१९७६) स्वयंशिक्षित होता ना? पाचच रंग वापरायचा म्हणतात. तसं केलं तर टिटॅनियम व्हाइटने आभाळ खडूसारखं येतं, आणि काळा घातला की निळसर. काय चुकतंय?

जुना_ब्रश: स्वयंशिक्षित हे काही खरं नाही. १९०५ पासून तो मँचेस्टरच्या कलाशाळेत संध्याकाळच्या वर्गांना जायचा. तिथे आडॉल्फ व्हॅलेत हा फ्रेंच शिक्षक होता. पुढे १९२५ पर्यंत सॅल्फर्डला शिकला. दिवसा एका मालमत्ता कंपनीसाठी भाडेवसुली करायचा, १९५२ मध्ये निवृत्त झाला. नोकरी लपवायचा, कारण 'रविवारचा चित्रकार', म्हणजे हौशी, म्हटलेलं त्याला खपत नसे.

तैलचित्र_वेडी: पाच रंग खरे: आयव्हरी ब्लॅक, व्हर्मिलियन (शेंदरी लाल), प्रशियन ब्लू, यलो ऑकर (मातकट पिवळा), फ्लेक व्हाइट. वरून तेल किंवा मीडियम (रंग पातळ करणारं मिश्रण) नाही. खरी मेख फ्लेक व्हाइटमध्ये आहे. तो शिशाचा पांढरा: उबदार आणि मिसळायला सौम्य. टिटॅनियम थंड आणि जबरदस्त, बाकीचे रंग गिळून टाकतो. म्हणून आधी ऑकर घाला. दहा भाग पांढऱ्याला अर्ध्या भागापासून सुरुवात करा, मग सुरीच्या टोकावर येईल एवढाच काळा. नुसता काळा-पांढरा निळसरच दिसणार. तरीही थंड वाटलं तर व्हर्मिलियनचा नुसता स्पर्श. प्रशियन ब्लू आभाळात घालूच नका, कणभरानेही सगळं हिरवट होतं.

पार्श्वभूमी पांढरी करण्यामागे बर्नार्ड टेलर या शिक्षकाचा शेरा होता: चित्रं फार काळोखी आहेत. मग लाउरीने एका बोर्डवर पांढऱ्याचे थरावर थर दिले आणि तो सहा-सात वर्षं बाजूला ठेवला. त्याच्या सांगण्यानुसार तो मलईसारखा करडा झाला, आणि हवा होता तोच. तुम्हाला तेवढं थांबायची गरज नाही, ऑकर तेच काम करतो.

रंगारी: मग फ्लेक व्हाइटच आणावा का? आणि माणसं काळ्याने आधी काढून भोवती पांढरा भरला तर चालेल?

जुना_ब्रश: उलटं करा. आयव्हरी ब्लॅकला तेल भरपूर लागतं आणि तो फार सावकाश वाळतो. त्याच्या जाड थरावर लवकर वाळणारा पांढरा चढवला की भेगा पडणारच. पांढरा पूर्ण वाळू द्या, मग बारीक ब्रशने माणसं. पायाखाली सावली काढू नका, लाउरीही काढत नसे. रेलिंगच्या रेषा ओल्या रंगात ब्रशच्या दांड्याने खरवडा.

तैलचित्र_वेडी: फ्लेक व्हाइट ट्यूबमधलाच घ्या, भुकटी नको. हातमोजे घाला, वाळल्यावर कोरडं घासू नका. शिशाची धूळ फुफ्फुसात जाते. त्याऐवजी टिटॅनियम घेणार असाल तर ट्यूबमागचं वाचा, झिंक असेल तर टाळा. झिंकचा थर ठिसूळ होतो आणि वर्षांनी पोपडे धरतो. व्हर्मिलियन पाऱ्याचा, त्याच्याऐवजी कॅडमियम रेड लाइट चालेल. आणि वाळताना चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नका, रंगातलं अळशीचं तेल अंधारात पिवळं पडतं.