विटा किती भिजवाव्यात, आणि किती पाणी पिणारी वीट चांगली समजावी?

प्रश्न (चोपडा)

आमच्या घराचे बांधकाम जोत्यापर्यंत आले असून लवकरच भिंतींचे काम सुरू होईल. गवंडी म्हणतात की विटा हौदात बुडवाव्यात आणि बुडबुडे थांबल्यावरच बाहेर काढाव्यात. ठेकेदाराच्या मते ढिगावर पाइपने पाणी मारले की पुरे. शिवाय दोन भट्ट्यांच्या विटा नमुन्यादाखल आणल्या, तर एकीवर ओतलेले पाणी बघता बघता जिरते आणि दुसरीवरून बरेचसे ओघळून जाते. जास्त पाणी पिणारी वीट कच्ची समजावी का, आणि तिची भिंत पावसाळ्यात ओल धरेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (भुसावळ)

वीट एकूण किती पाणी धरते आणि ते किती वेगाने ओढते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यावरून विटेची प्रत कळते, दुसऱ्यावरून ती किती भिजवायची ते ठरते. पाणी ओतून पाहिल्याने फक्त वेगाचा अंदाज येतो.

माती कालवताना घातलेले पाणी वाळताना निघून जाते, तिच्यात मिसळलेला भुसा भट्टीत जळतो, आणि त्यांच्या जागी एकमेकींना जोडलेली बारीक छिद्रे राहतात. आच पुरेशी चढली की मातीतले काही घटक वितळू लागतात, कण एकमेकांना घट्ट चिकटतात आणि ही छिद्रे कमी होतात. म्हणूनच कमी भाजलेली फिकट वीट जास्त पाणी पिते, तर खंगर, म्हणजे अति भाजलेली वीट फारसे पीत नाही, पण तिचा आकार बिघडलेला असतो आणि मसालाही (सिमेंट-वाळूचे मिश्रण) तिला नीट धरत नाही.

प्रत तपासायची असेल तर ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून पाच विटा घेऊन, पूर्ण वाळवून तोलाव्यात, २४ तास पाण्यात बुडवून, पुसून लगेच पुन्हा तोलाव्यात. भारतीय मानक १०७७ प्रमाणे १२.५ वर्गापर्यंतच्या (वर्ग म्हणजे दाब सोसण्याच्या ताकदीवरून ठरलेली श्रेणी) विटांचे वजन २० टक्क्यांपेक्षा आणि त्यावरच्या वर्गांचे १५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये. म्हणजे ३ किलोची कोरडी वीट ३.६ किलोच्या पुढे जात असेल, तर ती भट्टी सोडून द्यावी. प्रयोगशाळेत विटा १०५ ते ११५ अंशांवर वाळवतात. आपल्याकडच्या उन्हात वाळवलेल्या विटेत थोडा ओलावा उरतो, एवढे लक्षात ठेवावे.

भिजवण्याबाबत मात्र आपले गवंडी बरोबर आहेत. कोरडी, तापलेली वीट मसाल्यातले पाणी ओढून घेते, सिमेंटला घट्ट होण्यापुरते पाणी उरत नाही आणि सांधा नखाने उकरता येईल इतका भुसभुशीत राहतो. ढिगावर पाणी मारले तर वरचे दोन-तीन थर भिजतात, आतल्या विटा कोरड्याच हाती येतात. बुडबुडे म्हणजे छिद्रांत शिरणाऱ्या पाण्याने बाहेर ढकललेली हवा. ते थांबले तरी थोडी हवा आत अडकलेलीच असते, पण कामापुरती वीट तेव्हा भिजलेली असते. बाहेर काढल्यावर पृष्ठभागावरचे पाणी निथळू द्यावे, नाहीतर वीट मसाल्यावर तरंगते आणि थर सरकतो.

उत्तर २ (धुळे)

ओलीबद्दल थोडे. चांगल्या भाजलेल्या विटेतही छिद्रे असतातच, आणि जमिनीतले पाणी त्यांतून वर चढते. काळ्या मातीत ओलावा दीर्घकाळ टिकत असल्याने आपल्या भागात हे अधिक जाणवते. तेव्हा विटेला दोष देण्याआधी जोत्यावर ओलरोधक थर घातला आहे का, ते पाहावे. भिंतीवर पांढरा लोणा फुटतो तो वेगळा विषय: विटेतले, मसाल्यातले किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडून गेल्यावर तिथेच राहतात. शक्य असेल तर विटा भिजवायला बोअरचे खारे पाणी वापरू नये.

प्रश्नकर्ता (चोपडा)

दोघांचेही आभार. जोत्यावर असा थर घातलेला नाही. आता घालता येईल का?

उत्तर २ (धुळे)

भिंती उभ्या राहिलेल्या नाहीत, त्यामुळे हीच वेळ योग्य आहे. १:२:४ प्रमाणाच्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटचा सुमारे ४० मिलीमीटर जाडीचा थर, त्यात जलरोधक मिसळून, भिंतीच्या पूर्ण रुंदीवर कुठेही खंड न पडता घालावा. पुढे बाहेरचा गिलावा या थरावरून खाली सलग नेऊ नये आणि अंगणातला भराव त्याच्या वर चढू देऊ नये, कारण पाण्याला तेवढी वाट पुरते.