बाळाचं वेगळं कशाला, कुकर एकच लावा (बेळगावात अनगोळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

३०२ वहिनी: नमस्कार सगळ्यांना. ग्रुपवर विचारावं की नको, असं दोन दिवस मनात चाललंय. बाळ सात महिन्यांची झाली. उद्यमबागेतल्या कारखान्यात ह्यांचा ओव्हरटाइम दोन महिने बंद आहे. तिच्या सिरीयलचा डबा आठवड्यात संपतो, वर बिस्किटं, तिच्यासाठी वेगळी फळं. सासू-सासरे धरून आम्ही पाचजण. किराण्यात काय काय कमी करू तेच कळेना. बाळाचं आणि घरचं दोन्ही कुणी कसं बसवलंय, सांगाल का?

२०३ ताई: विचारायला लाजतेस काय. आमच्याकडं दुधात बिस्कीट कुस्करून द्यायचो, पोट भरायचं. आणि खालचं वाच, कालच आलंय.

२०३ ताई: (फॉरवर्ड) रोज सकाळी बाळाला मधाचं एक बोट चाटवा, बाळ गुटगुटीत होईल, सर्दी जवळ येणार नाही...

१०४ काकू: ताई, तो मेसेज आधी काढा. वर्ष पुरं होईपर्यंत बाळाला मध नाही, चाटवायलासुद्धा नाही. मधात कधी कधी बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाला ते काही करत नाहीत, पण एवढ्याशा आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, दूध ओढेनासं होतं.

२०३ ताई: काढला. आमच्यात तर जन्मल्या जन्मल्या चाटवतात हो.

१०४ काकू: आमच्यातही चाटवायचे. मी अंगणवाडीत होते तेव्हा घरोघरी हेच सांगत फिरले. आता ३०२ चं बोलू. पोरी, घरात सकाळी काय शिजतं ते लिही. उगाच यादी नको, आज काय केलंस ते सांग.

३०२ वहिनी: भात, तुरीची आमटी, भोपळ्याची भाजी, जोंधळ्याच्या भाकऱ्या.

१०४ काकू: मग बाळाचं जेवण झालंच की. उद्यापासून असं कर. कुकरच्या खालच्या भांड्यात तुरीची डाळ, त्यातच तांबड्या भोपळ्याच्या चार फोडी. मधल्यात भात. वरच्या झाकणीत एक रताळं, दोन तुकडे करून. मीठ, तिखट, मसाला काही नाही. शिट्ट्या झाल्या की सगळ्यात आधी बाळाची वाटी काढायची: दोन चमचे भात, दोन चमचे घट्ट डाळ, भोपळ्याची एक फोड. वाटीच्या बुडानं रगडायचं, मिक्सर नको, थोडा कण जिभेला लागला पाहिजे. अर्धा चमचा तूप, नसलं तर घाण्याचं तेल. लिंबाचे दोन थेंब. मग उरलेल्या डाळीला फोडणी दे आणि घरादाराला वाढ. बाळासाठी वेगळा गॅस नाही, वेगळा बाजार नाही.

३०२ वहिनी: लिंबू कशाला काकू? आंबट होईल ना.

१०४ काकू: दोन थेंबांनं आंबट होत नाही. सहा महिन्यांनंतर पोटातून आणलेला लोहाचा साठा संपत येतो आणि अंगावरच्या दुधातून पुरेसं लोह मिळत नाही. डाळीतलं, पालेभाजीतलं लोह अंगाला लागायला लिंबाची मदत होते. चहा मात्र घोटभरही नको, चहानं उलटं होतं.

२०१ (आज्जींचा निरोप, नातू टाइप करतोय): आज्जी म्हणतेय, "एवढं घट्ट कशाला गं? आम्ही वरणाचं पाणी पाजूनच सगळी वाढवली. पाचही पोरं खणखणीत हाईत."

१०४ काकू: आज्जींना माझा नमस्कार सांग. आज्जी, तुमची पोरं दोन-अडीच वर्षं अंगावर पीत होती, आणि घरात दूधदुभतं होतं. वरणाच्या पाण्यात डाळ खाली राहते आणि बाळाच्या पोटात पाणी जातं. तिचं पोट केवढं, तिच्या मुठीएवढं. ते पाण्यानं भरलं तर जेवणाला जागा कुठं? चमचा भरून आडवा करा. घास चमच्यावर राहिला तर बरोबर, ओघळला तर पातळ.

२०१ (नातू): आज्जी गप्प बसली. चमचा मागितलाय.

१०२ सेक्रेटरी: सूचना: उद्या नळाला पाणी नाही. टाकी आज रात्री भरून घेत आहोत, जपून वापरावे.

१०४ काकू: ३०२, बाळाचं पाणी आजच उकळून कळशीत झाकून ठेव. वाटी-चमचाही त्याच पाण्यानं धू.

४०३ दादा: वहिनी, डाळ, गूळ, शेंगा एकदमच घ्या. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी रविवार पेठेत जातो, गाडी रिकामीच असते. तिघी-चौघींनी मिळून मागवलं तर सुट्ट्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. शेंगा मात्र उघडून बघून घ्या, ह्या पावसात बुरशी लागलेल्या येतात.

१०४ काकू: दादा बरोबर बोलले. बुरसट शेंग निवडून उरलेली खायची नाही, लॉटच परत करायचा. ती बुरशी यकृताला वाईट, भाजूनही विष जात नाही. चांगल्या शेंगा भाजून, साल काढून, अगदी बारीक कूट करून बाळाच्या खिरीत चमचाभर घाल. आख्खा दाणा चार-पाच वर्षांची होईपर्यंत हातात द्यायचा नाही, घशात अडकतो. फुटाणेही नकोत.

३०२ वहिनी: खीर म्हणजे नाचण्याची? मी केली होती, गोळा झाली. मग पाणी घालत गेले, तर तिनं दोन चमचे खाऊन तोंड फिरवलं.

१०४ काकू: मोड न आणता दळलास म्हणून. जरा लांबलचक लिहिते, पण नीट वाच, सगळा फायदा इथंच आहे.

किलोभर नाचणा तीन पाण्यानं धू, खडे बघ. रात्रभर भिजव. सकाळी निथळून ओल्या पंच्यात सैल बांध, चाळणीत ठेव, वर ताट. दुसऱ्या दिवशी पंचा सोडलास की मोहरीएवढ्या तांबड्या दाण्याला पांढरं टोक फुटलेलं दिसतं, काही टोकं पंच्याच्या धाग्यांत अडकलेली असतात. टोक दाण्याएवढं झालं की थांबायचं. पंख्याखाली चादरीवर पातळ पसर. दाताखाली कट्ट वाजला की वाळला. मग मंद आचेवर भाज, घरभर वास सुटतो. तळहातावर चोळलं की मोड गळून पडतात. गिरणीत मिरची दळून झाल्याबरोबर देऊ नकोस, सकाळी पहिला घाणा साध.

मोड आले की दाण्यातलं पिष्ट फुटायला लागतं. म्हणून ह्या पिठाची खीर गोळा होत नाही, सैल राहते. त्याच वाटीत पीठ जास्त मावतं, पाणी कमी. कॅल्शियम म्हणशील तर १०० ग्रॅम नाचण्यात साधारण ३५० मिलिग्रॅम. आणि तुझ्या एका डब्याच्या पैशात चार-पाच किलो नाचणा येतो.

३०१ अक्का: माझी बेंगळूरची बहीण ह्यालाच रागी सरी म्हणते. आमच्या दोन्ही मुलांना तेच होतं. वाळवायला मात्र आता ऊन नाही बघा.

१०४ काकू: होय अक्का. माझ्या थोरल्याच्या वेळी आषाढात घाईनं केला, नीट वाळला नाही. आठ दिवसांनी डब्याचं झाकण काढलं तर ओल्या पोत्याचा वास. किलो-दीड किलो नाचणा टाकून दिला आणि त्या दिवशी मी रडले होते, तेव्हा आमच्याकडंही पैसे मोजूनच होते. म्हणून सांगते, पावसाळ्यात एका वेळी किलोच्या वर नको. माझ्याकडं मागच्या आठवड्याचं पीठ आहे, ३०२ ला आज संध्याकाळी डबाभर देते. पहिल्यांदा ते वापर.

३०२ वहिनी: काकू नको हो, तुम्हाला कशाला त्रास.

१०४ काकू: त्रास नाही. गूळ, साखर, मीठ वर्षाच्या आत घालू नकोस. गोडीला पिकलं केळं कुस्कर. तिसऱ्या रेल्वे गेटजवळ संध्याकाळी डाग पडलेली केळी कमी भावात मिळतात, बाळाला तीच चांगली, मऊ असतात.

३०१ अक्का: वहिनी, अंगणवाडीत बाळाचं नाव घातलंय का?

३०२ वहिनी: नाही. ते बीपीएलवाल्यांसाठी असतं ना? आणि आमचं कार्ड सासऱ्यांच्या नावावर खानापूरला आहे.

१०४ काकू: नाही गं! हे सगळ्यांनीच वाचा. अंगणवाडीला बीपीएल कार्ड लागत नाही. राहता त्या भागातल्या अंगणवाडीत नाव घालायचं. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, वजन होतं, लसी बघतात. १९७५ च्या २ ऑक्टोबरला ही योजना सुरू झाली ती सहा वर्षांखालच्या पोरांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी. दर महिन्याला वजन कर. काटकसर बाळाला मानवते का, ते वजनाचा काटाच सांगतो.

३०२ वहिनी: जावेला एकदा पाकीट मिळालं होतं, सगळं कन्नडमध्ये लिहिलेलं. कसं करायचं कळेना म्हणून तसंच पडलं.

३०१ अक्का: असं करू नका. फोटो टाका, मी मराठीत लिहून देते. कधीही.

४०३ दादा: खानापूरहून रेशनचा तांदूळ येतो का? आमच्या आईनं मागच्या वेळी त्यातले पिवळट दाणे प्लास्टिकचे म्हणून निवडून टाकले.

१०४ काकू: दादा, आईंना सांगा, ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी १२ मिसळून ते दाणे करतात आणि शंभराला एक ह्या प्रमाणात मिसळतात. निवडून टाकलं तर कामाचंच फेकलं. खूप चोळून धुवायचा नाही, आणि शिजवताना पाणी मोजून घालायचं, पेज ओतून द्यायची नाही.

२०३ ताई: आणि अंडं? स्वस्तात तेच भारी की.

२०१ (नातू): आज्जी म्हणतेय घट बसलेत, अंड्याचं नाव काढू नका.

१०४ काकू: घट उठेपर्यंत नको, घरात देव बसलेत तर मान राखायचा. नऊ दिवसांनी बाळाचं काही अडत नाही, डाळ आणि शेंगकूट आहे. रताळी तर आत्ताच ढिगानं आलीत, आपल्याच खानापूर-बेळगावकडची. दसरा झाला की अंडं पूर्ण उकडून, बलकासकट, चिमूटभरानं सुरू करायचं. वर्षाचं व्हायची वाट बघायला लागत नाही. ज्यांच्यात चालतं त्यांनी कोंबडीची कलेजी मऊ शिजवून चमचाभर द्यावी, मटणापेक्षा कितीतरी स्वस्त आणि लोह भरपूर. ज्यांच्यात चालत नाही त्यांनी मसुरीची डाळ आणि पालेभाजी, लिंबासकट.

३०२ वहिनी: दूध किती घालू काकू? आम्ही अर्धा लिटर वाढवलंय तिच्यासाठी. तिला पाजतो, मी चहासुद्धा कोराच घेते.

१०४ काकू: आणि दुपारी काय जेवतेस?

३०२ वहिनी: सगळ्यांचं झालं की जे उरेल ते. सध्या भाकरी मोजून करते.

१०४ काकू: पोरी, सगळं एकीकडं आणि हे एकीकडं. वर्षाच्या आत तिला वरचं दूध पोटभर पाजायचंच नाही, त्यानं लोह आणखी कमी पडतं. तिचं दूध तुझ्या अंगावरचं. ते अर्धा लिटर तू पी. पाजणाऱ्या बाईला रोज साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे दोन भाकऱ्या आणि वाटीभर दाट आमटी, नेहमीच्या जेवणावर. घरात कमी करायचं तर फरसाण कमी करा, बिस्किटं बंद करा, डब्याचं सिरीयल बंद करा, गोड तेल मापानं घाला. बाळाच्या वाटीत आणि पाजणाऱ्या आईच्या ताटात काटकसर नाही. तुझ्या सासूबाई माझ्या ओळखीच्या आहेत, मी संध्याकाळी डबा घेऊन येते तेव्हा त्यांच्याशीही बोलते.

२०१ (नातू): आज्जी स्वतः बोलूलीय, तशीच्या तशी लिहितो. "सुनबाई, बाळंतिणीनं शेवटी जेवायचं नसतंय. माझ्या सासूनं मला आधी वाढलंय. हुलग्याचं माडगं मी उद्या धाडतो, नातवाकडनं घे."

१०२ सेक्रेटरी: वहिनी, ग्रुपवर विचारलंत ते बरं झालं. माझी मुलगी पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येतेय, मी हे सगळं जपून ठेवतोय.

४०३ दादा: रविवारच्या बाजाराची यादी मला शनिवार रात्रीपर्यंत द्या. नाचणा किती किलो, डाळ किती, एवढंच लिहा.

(दुसऱ्या दिवशी)

३०२ वहिनी: काकू, कुकरचं तुम्ही सांगितलं तसंच केलं. भोपळा थुंकला. रताळं मात्र अर्धी वाटी खाल्लं, चमचा आडवा करून बघितला, घास पडला नाही. उरलेलं रताळं आम्हाला भाजीत घातलं.

१०४ काकू: भोपळा सोडू नकोस. आठ-दहा वेळा जिभेला लागला की घेतात. वाटीतलं उष्टं राहिलं तर परत ठेवायचं नाही, म्हणून आधी थोडंच काढायचं. दिवसातून दोन-तीनदा एवढं पुरे, नऊ महिने पुरे झाले की तीन-चारदा.

३०२ वहिनी: होय. आणि आज सासूबाईंनी बाळाला घेतलं आणि मला साडेबाराला ताट वाढलं. मी आधी जेवले, मग तिला भरवलं.