कण काढला तर भीमपलास उरतो का?

एका ताईंनी लिहिलंय की कणस्वर, म्हणजे मुख्य स्वराच्या आधी शेजारच्या स्वराला केलेला ओझरता स्पर्श, ही नुसती सजावट, काढला तरी राग तोच राहतो. मला हे पटत नाही. भीमपलासी (भीमपलास) हा रागच घ्या. कोमल गंधाराला (ग) मध्यमाचा (म) आणि कोमल निषादाला (नि) षड्जाचा (सा) कण लागतो. तो न घेता सरळ ‘नि सा ग म’ म्हणून बघा. स्वर सगळे बरोबर, पण भीमपलास काही केल्या दिसत नाही. हमीर रागाचा धैवतही (ध) निषादाला स्पर्श करून आला तरच हमीरचा वाटतो.

माझं शिक्षण अंबाजोगाईला पेटीवर झालं, सप्ताहातल्या भजनांची साथ करत. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही. कण मात्र शेजारची पट्टी ओझरती दाबून थोडाफार साधतो. भातखंडे स्वरलिपी पद्धतीत तो मुख्य स्वराच्या डोक्यावर डावीकडे बारीक अक्षरात लिहितात. मी कित्येक महिने तो पूर्ण स्वरासारखा वाजवत होतो. शेवटी गुरुजींनी पेटी बंद करायला लावली आणि म्हणाले, आधी गळ्यातून काढ. महिनाभर फक्त ‘म’ला शिवून ‘ग’वर थांबणं, एवढंच केलं. नवीन शिकणाऱ्यांनी खटका-मुरकीसारख्या झटपट स्वरालंकारांच्या आधी हेच करावं, असं मला मनापासून वाटतं.