गिटार हिरो एवढा वर जाऊन एवढ्या लवकर बसला कसा?

केळीचा_घड (जळगाव)
परवा माळा आवरताना जुना कीबोर्ड सापडला, एफ१ ते एफ५ वरची अक्षरं पार पुसलेली, आणि एकदम आठवलं भो, फ्रेट्स ऑन फायर! फुकट गेम होता, कीबोर्ड गिटारसारखा उलटा धरायचा, डावा हात त्या पाच बटणांवर, उजव्याने एंटर. गाणं ऐन रंगात आलं की आमच्याकडे लोडशेडिंग. खरा गिटार हिरो, म्हणजे प्लास्टिकच्या गिटारवर गाण्याच्या तालात बटणं दाबायचा गेम, कुठे परवडणार, नुसते व्हिडिओ बघायचो. पण २००५ ला आलेला गेम, २००७ च्या तिसऱ्या भागाने १०० कोटी डॉलरच्या वर धंदा केला, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये तो विकणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने त्याचं डिव्हिजनच बंद केलं. असं कसं?

धुळ्याचा_डीजे
अति केलं, दुसरं काय. २००९ बघ ना, एका वर्षात याच गेमचे मेटालिका, स्मॅश हिट्स, गिटार हिरो ५, बँड हिरो, व्हॅन हेलन आणि वर डीजे हिरो. स्मॅश हिट्समध्ये तर आधीच्या भागांतलीच गाणी परत! पहिले दोन भाग बनवणाऱ्या हार्मोनिक्स कंपनीने तिकडे तसाच रॉक बँड गेम काढलेला, त्याचे बीटल्स आणि लेगोवाले भाग पण त्याच वर्षी. वरातीत तेच गाणं पाचव्यांदा लावलं ना, की नाचणारे रसवंतीवर जाऊन बसतात, रोज बघतो मी.

भुसावळ_जंक्शन
अर्धं पटलं दादा. मेटालिकावाला भाग वाईट नव्हता, ड्रमला डबल पेडलचं वेगळं लेव्हल होतं, माझ्या मावसभावाकडे वाजवलाय. खरी गोची त्या प्लास्टिकच्या वाद्यांची. रॉक बँडचा गिटार-ड्रम-माइकचा पूर्ण सेट सुरुवातीला १७० डॉलरला होता, त्यात २००८ ची मंदी, आणि एकदा घरात आलेला सेट परत कोण घेतो? मावसभावाच्या ड्रमवर आता मावशी टॉवेल वाळत घालते. रॉक बँडवाल्यांनी सुटी गाणी ऑनलाइन विकली ते बरं केलं, २०१५ च्या रॉक बँड ४ ला जानेवारी २०२४ पर्यंत नवीन गाणी येत होती. गाणी विकायची तर गाणी विका ना, दर वेळी नवा डबा कशाला.

धुळ्याचा_डीजे
हार्मोनिक्सचं पण काही सोनं नाही झालं, २०१० मध्ये मालक व्हायाकॉमने विकूनच टाकलं ना. पण हो, सुट्या गाण्यांचं खरंय.

खान्देशी_भरीत
एवढी चर्चा कशाला, क्लोन हिरो टाका, गिटार हिरोसारखाच गेम, फुकट आहे, कीबोर्डवर पण चालतो.

केळीचा_घड
टाकला भाऊ काल रात्रीच. पण माझ्या कीबोर्डची पिन ती जुनी गोल आहे, लॅपटॉपला कुठे खुपसू? कोणाकडे कन्व्हर्टर पडला असेल तर सांगा, भुसावळपर्यंत येतो घ्यायला.