शिलाई मशीनखालचं घडीचं टेबल हलतं

प्रश्न (इंदूर): मोटरचं मशीन घडीच्या टेबलावर ठेवलंय. जोरात शिवलं की टेबल डावी-उजवीकडे झुलतं, टाके लहानमोठे पडतात. पायांखाली पुठ्ठा घातला, फरक नाही.

उत्तर: पुठ्ठ्याने फरशीचा उंचसखलपणा जातो, सांध्यातली ढिलाई नाही. टेबल उलटं करून एकेक पाय हलवून बघा. सांध्यातला रिव्हेट (ठोकून कायमची बसवलेली खीळ) खुळखुळत असेल तर ड्रिलने काढा आणि ६ मिमीचा बोल्ट, दोन्हीकडे वॉशर, वर नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज न सुटणारा) लावा. साधा नट थरथरीने सुटत जातो. तुमच्या इंदूरच्या सियागंज बाजारात सगळं मिळेल. पाय घडी होईल इतपतच आवळा.

दुसरं उत्तर: ताई, मशीन मधोमध तर नाही ना? तिथे फळी लवते. पायांच्या जोडीवर सरकवा. झुलणं तरी राहिलं तर मागच्या दोन पायांमध्ये लोखंडी पट्टी तिरकी लावा, विंग नटने (हाताने फिरवायचा, पंखांचा नट), म्हणजे घडी करताना निघेल. आडवी लावून उपयोग नाही, चौकट कलतच राहते.

प्रश्नकर्ती: मागचा डावा रिव्हेटच ढिला निघाला. पण भोक झिजून लांबट झालंय, ६ चा बोल्ट आत हलतो.

उत्तर: मग भोक ८ मिमीचं गोल करून ८ चाच बोल्ट घाला. नुसतं आवळून ते बसणार नाही.