लघुपटाच्या खर्चासाठी लग्नांची चित्रीकरणे घ्यावीत का? सल्ला हवा आहे

प्रश्नकर्ता (सांगली):
ऊसतोड मजुरांच्या एका कुटुंबावर साधारण ३० मिनिटांचा कथात्म लघुपट करण्याचा माझा विचार आहे. पटकथा पूर्ण झाली असून कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांत, राहणाऱ्या दोन जोडप्यांशी चांगला परिचयही झाला आहे. कॅमेरा स्वतःचा आहे. मात्र ध्वनिमुद्रक, लेन्सचे भाडे, प्रवास आणि सर्वांचे जेवण धरून सुमारे ३ लाख रुपये लागतील. शहरातले दोन स्टुडिओ मला लग्नांसाठी बोलावत आहेत. अडचण अशी, की कारखान्यांचा गाळप हंगाम आणि लग्नसराई दोन्ही तुळशीच्या लग्नाच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळे पैसे मिळवण्याच्या नादात लघुपटाचाच हंगाम हातून जाईल, अशी भीती वाटते. ज्यांनी हा मार्ग चोखाळला आहे, त्यांनी कामे कशी निवडली, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
लग्नांच्या कमाईवर मी दोन लघुपट पूर्ण केले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कामे अवश्य घ्या, पण फक्त चित्रीकरणाची घ्या. संपादनाची घेऊ नका. पहिल्या वर्षी मी टीझर, हायलाइट आणि पूर्ण फिल्म असे सगळेच अंगावर घेतले होते. लग्न दोन दिवसांत उरकते, परंतु आधी मुलीकडच्यांनी आणि मग मुलाकडच्यांनी सुचवलेले बदल करून, गाणे बदलून पुन्हा प्रत काढून देईपर्यंत महिना सरतो. त्या वर्षाअखेर खात्यात पैसे होते आणि माझ्या लघुपटाचे एकही दृश्य चित्रित झालेले नव्हते. आता मी दिवसाच्या दराने कॅमेरा चालवतो, रात्रीच कार्डांवरचा डेटा स्टुडिओच्या हार्ड डिस्कवर उतरवून देतो आणि मोकळा होतो. पैसे कमी मिळतात, पण दुसरा दिवस माझा असतो.

हंगामाचा पेच वाटतो तितका अवघड नाही. आपल्याकडे पौषात सहसा लग्ने धरत नाहीत, आणि जानेवारीच्या सुमारास येणाऱ्या त्याच महिन्यात ऊसतोड भरात असते. वैशाख-ज्येष्ठातली कमाई चित्रीकरणासाठी बाजूला ठेवा, मार्गशीर्षातली संपादन आणि ध्वनीसाठी ठेवा, आणि पौषातली एकही तारीख कोणाला देऊ नका. हे पैसे वेगळ्या बँक खात्यात असलेले बरे, नाहीतर ते घरखर्चात कधी विरघळतात ते कळतही नाही.

प्रतिसाद २:
व्यवहाराबद्दल दोनच गोष्टी सांगतो. विसार हाती आल्याशिवाय तारीख अडवू नका. माझे ४० हजार रुपये एका आयोजकाकडे असेच बुडाले. दुसरे असे, की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमानुसार, मोबदला देऊन चित्रपट करवून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर करवून घेणाराच त्याचा पहिला मालक ठरतो. त्यामुळे ती दृश्ये स्वतःच्या शोरीलमध्ये, म्हणजे कामाचे नमुने दाखवणाऱ्या चित्रफितीत, वापरायची असतील, तर तशी परवानगी आधीच लेखी घ्यावी.

प्रतिसाद ३:
केवळ लग्नांवर थांबू नका, संस्थांचे माहितीपटही करा, कारण त्यातून टिकणारी माणसे भेटतात. श्याम बेनेगल यांनी अनेक वर्षे जाहिरातपट केले आणि १९७४ च्या त्यांच्या पहिल्या कथापटाला, ‘अंकुर’ला, भांडवल मिळाले ते जाहिरातपटांच्या वितरणात असलेल्या ‘ब्लेझ’कडून. मात्र तुमच्या विषयाकडे पाहता साखर कारखान्याचे काम, कितीही चांगले पैसे मिळत असले, तरी घेऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारखान्याच्या कार्यक्रमात कॅमेरा घेऊन वावरलेला माणूस उद्या फडात आला, तर मुकादम त्याच्याशी अदबीने बोलेल आणि मजूर उचलीविषयी, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांविषयी, एक शब्दही बोलणार नाहीत.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. फडाविषयीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. एका कारखान्याच्या वार्षिक सभेच्या चित्रीकरणाचे बोलणे चालू होते, ते आज नाकारले. दोन्ही स्टुडिओंना फक्त दिवसाच्या दराने येईन आणि पौषात येणार नाही, असे कळवले आहे. एकाने मान्य केले. चित्रीकरण १२ दिवसांचे ठरवतो आहे. ध्वनिमुद्रकाला आत्ताच विसार द्यावा का?

प्रतिसाद १:
होय, आजच द्या. शिवाय तुमच्या ३ लाखांत हार्ड डिस्क दिसत नाहीत. सेकंदाला १०० मेगाबिट दराने तासाभराचे चित्रीकरण ४५ जीबी होते. रोज तीन तास धरले, तर १२ दिवसांत १,६२० जीबी. म्हणून प्रत्येकी २ टीबीच्या दोन डिस्क घ्या, दुसरी राखीव प्रतीसाठी, आणि रात्री त्या एकाच पिशवीत ठेवू नका.