मदत हवी आहे: 'चाइल्ड' आणि 'बेर्न' यांत नेमका फरक कुठे?

नमस्कार मंडळी. मी न्यूकॅसलला लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. इथले आजी-आजोबा 'चाइल्ड' क्वचितच म्हणतात, त्यांच्या तोंडी 'बेर्न'च असतं. परवा एका आजींनी खाटेची चादर नीट करत विचारलं, "बेर्नने दूध घेतलं का?" आणि मला थेट आपलं 'लेकरू' आठवलं.

थोडं वाचलं आहे. दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतले, 'बेर्न'चं मूळ 'जन्म देणे' या अर्थाच्या क्रियापदात. डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिशमध्ये मुलाला आजही 'बार्न' म्हणतात. प्रमाण इंग्रजीतून हा शब्द गेला, पण उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये टिकला. ग्लासगोकडे मात्र 'वेन' म्हणतात, म्हणजे 'वी' अधिक 'एन', छोटुकलं.

केसपेपरवर 'चाइल्ड'च लिहायचं, त्यात शंका नाही. अडतं ते बोलण्यात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला 'बेर्न' म्हटलेलं चालतं का, की ते तान्ह्यांपुरतंच? मोठ्या झालेल्या स्वतःच्या लेकीलाही आई 'माय बेर्न' म्हणते ना? आणि सगळ्यात महत्त्वाचं: माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या बाईने हा शब्द वापरला तर पालकांना आपुलकी वाटेल, की नक्कल केल्यासारखं वाटेल? घाबरलेल्या आईशी बोलताना चुकीचा सूर लागू नये एवढीच काळजी आहे.

डरहॅम, न्यूकॅसल, एडिंबराकडे राहणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांची मुलं तिथल्या शाळेत आहेत त्यांनी, कृपया सांगा.